रिकामं पाणी

मेहरुन, तुझ्या बावीस वर्षांत
बहुतेक सगळं पाणीच आहे.
मी मोजलंय. संकलकाला मोजावंच लागतं.
मिर्फाच्या या खोलीत, खालून लाँड्रीची वाफ,
कोपऱ्यात एसीखाली ठेवलेली बादली,
आणि पडद्यावर तुझं पाणी, हिरवट, गढूळ,
एकाही जनावराविना.

पहिल्या खोक्यात लग्नं.
शारजात सरखोतांची पोर बायकांच्या बाजूला
कॅमेरा घेऊन फिरते, म्हणून मागणी होती तुला.
नवरीच्या कानातलं हलायच्या आधी
तू तिथे पोचलेली असायचीस.
तीच सवय पुढे कामी आली, म्हणतेस.
आधी पोचायचं. मग थांबायचं.

दुसऱ्या खोक्यात तेलकंपनीची सुरक्षाफीत:
हेल्मेटं, शिट्टी, जेट्टीवर रांगेत माणसं,
आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, तीन सेकंद,
दोन नाकपुड्या.
पाण्यानं झाकण उघडावं आणि मिटावं तसं.
साहेब म्हणाले, तेवढं कापा.
तू कापलंस. आणि कापलेलं
वेगळ्या कॅसेटवर उतरवून
तांदळाच्या डब्यात ठेवलंस,
दमट लागू नये म्हणून.

नाव बू खल्फाननं सांगितलं, समुद्राची गाय.
पुस्तकात डुगाँग लिहितात, त्याला ते हसू यायचं.
डेल्मा बेटाचा हा नाखवा.
दाभोळला तुझ्या आजोबांनाही नाखवाच म्हणायचे,
म्हणून पहिल्याच दिवशी जमलं तुमचं.
तो म्हणाला, लहानपणी मांस खाल्लंय मी तिचं.
वासरासारखं लागतं. घराघरांत वाटे जायचे.
तू कॅमेरा चालूच ठेवलास.
हा तुकडा मी तीनदा काढला, तीनदा तू परत घातलास.
"खोटं तर बोलत नाहीये तो," एवढंच.

इंजिन तो अर्धा मैल आधी बंद करायचा.
खाली समुद्रगवत, आणि गवतात वळणावळणानं
उघडी पडलेली वाळू, नांगराचं तास ओढल्यासारखी.
ती चरून गेली की मागे एवढंच राहतं.

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या रांगेत होतो.
आपल्याकडे जाळ्यात गुदमरलेली मादी होती,
फुगलेली, किनाऱ्यावर, शेपटीला दोर.
तीच लाव, म्हटलं मी. रडतील.
तू अकरा मिनिटं तासं लावलीस.
नुसती तासं. वाळू. एक खेकडा.
सातव्या मिनिटाला मरीनाचा वकील खाकरला,
मॅडम, जनावर कुठे आहे?
तू म्हणालीस, आत्ताच गेली.
तुमच्या बोटीचा आवाज आला ना.

खरंच आला होता. सहाव्या मिनिटाला, दुसऱ्या ट्रॅकवर.
मीच तो हळू केला होता, कानाला बोचतो म्हणून.

मग पिवळे बोये आले, पाच नॉटची मर्यादा आली,
ती कोण पाळतं ते तुलाही ठाऊक आहे.
एक बोया वादळात सुटला; कुणीतरी तो अर्धा कापून
अंगणात ठेवला, त्यात सब्जा लावलाय.
तेही शूट केलंयस. हसताना कॅमेरा हललाय.

बू खल्फान गेला तेव्हाचं काहीच नाही.
तारखांमध्ये नऊ दिवसांची फट आहे, बस्स.

आता डाव्या डोळ्यात तुझ्या मोतीबिंदू.
काल रात्री मार्चमधल्या शूटचा आवाज साफ करत होतो.
तू पालथी तरंगतेस, कॅमेरा खाली तासांवर,
नळीतून तुझा श्वास, घरघर. तो काढायचा असतो.
काढता काढता मध्येच एक,
भाता सोडावा तसा, जवळून,
तुझा नव्हे.
चित्रात काही नाही. गढूळ.
तुला फोन केला. झोपेतच विचारलंस,
दुसरा किती वेळानं?
मी मागे गेलो.
मोजतोय.